फाईल कोणाच्या दावणीला?

एखाद्या पुढाऱ्याच्या दारात ईडीची गाडी थांबली की आपल्या पोरांमध्ये लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो, चोर होता, बरा सापडला. दुसरा म्हणतो, सूड आहे, लोकशाहीचा मुडदा पाडला. टपरीवर चहा गार होतो, भांडण गार होत नाही. दोस्तांनो, मला या भांडणात पडायचंच नाही. माझा सवाल वेगळा आहे. चोरी झाली होती की नाही? झाली असेल तर तिची फाईल गेली कुठं?

मी बुलढाणा जिल्ह्यातला, घाटाखालचा. आमच्याकडं पूर्णेच्या काठानं खारपाणपट्टा आहे. जळगाव जामोद, संग्रामपूर, शेगाव. विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही. किडनीच्या आजारानं माणसं झिजून मरतात, अन् त्यांच्या मरणाला कोणी बातमी म्हणत नाही. या पट्ट्याला गोडं पाणी मिळावं म्हणून नांदुरा तालुक्यात जिगावचं धरण काढलं. काम सुरू झालं नव्वदच्या दशकात. तेव्हा कागदावर काही शे कोटींचा हिशेब होता. तो फुगत फुगत १३ हजार कोटींच्या पुढं गेला. तीसेक गावं पुरती उठवायची ठरली, आणखी काही अर्धीमुर्धी. २०२५ च्या १५ ऑगस्टला, तिकडं झेंडे चढत होते तेव्हा, पुनर्वसन मागत पूर्णेत उतरलेला एक आंदोलक पाण्यात वाहून गेला. मेला.

आता फाईलीचा प्रवास बघा.

२००९ साली विदर्भातल्या ३८ प्रकल्पांच्या किमती सात महिन्यांत ६,६७२ कोटींवरून २६,७२२ कोटींवर गेल्या. जलसंपदा खातं अजित पवारांकडं होतं. २०१२ साली सरकारच्याच आर्थिक पाहणीतून निघालं की दहा वर्षांत सत्तर हजार कोटी ओतून राज्याचं सिंचन ०.१ टक्का वाढलं. पवारांनी सप्टेंबरात राजीनामा दिला, डिसेंबरात परत उपमुख्यमंत्री झाले. २०१३ साली विरोधी बाकावरचे देवेंद्र फडणवीस अन् विनोद तावडे बैलगाडीत पुरावे भरून औरंगाबादला चितळे समितीकडं गेले. बैलगाडी! शेतकऱ्याची बैलगाडी फोटोपुरती का होईना कामाला आली.

२०१४ ला सत्ता बदलली. लाचलुचपत खात्याची चौकशी लागली. जिगावच्या टेंडराचं प्रकरण जनहित याचिकेतून नागपूर खंडपीठात होतंच. नोव्हेंबर २०१८ मध्ये खात्यानं कोर्टात लिहून दिलं की मंत्री म्हणून अजित पवार जबाबदार ठरतात. बरोबर एक वर्ष गेलं. २३ नोव्हेंबर २०१९ ची ती पहाट तुम्हाला आठवत असेल. फडणवीस मुख्यमंत्री, पवार उपमुख्यमंत्री. २५ तारखेला खात्यानं विदर्भ सिंचनाच्या नऊ चौकश्या बंद केल्या. वर खुलासा केला, यांचा पवारांशी संबंध नाही. असेल बापा, नसेल. पण त्याच महिन्याच्या शेवटी त्याच खात्यानं त्याच खंडपीठात उलटं प्रतिज्ञापत्र टाकलं: पवारांवर फौजदारी जबाबदारी येत नाही. डिसेंबरात खुद्द महासंचालकांनी तेच पुन्हा लिहून दिलं. अन् तेव्हा खुर्चीत फडणवीस नव्हते, उद्धव ठाकरे होते.

हे नीट ध्यानात घ्या. आरोप करणारा एक पक्ष, क्लीन चिट देताना दुसऱ्याचं राज्य, अन् खातं तेच, फाईल तीच. पुढं २७ जून २०२३ ला भोपाळच्या सभेत पंतप्रधानांनी राष्ट्रवादीच्या सत्तर हजार कोटींच्या घोटाळ्यांचा पाढा वाचला. २ जुलैला अजित पवार त्यांच्याच युतीच्या सरकारात उपमुख्यमंत्री झाले. पाच दिवस!

मी पवारांना दोषी म्हणत नाही. ते कोर्टाचं काम. मला दिसतं ते एवढंच की कोर्टाला ते काम कोणी करूच दिलं नाही.

आता दुसऱ्या तटाकडं वळतो. सूड होतो का? होतो. इंडियन एक्स्प्रेसनं मोजून दाखवलंय. २०१४ नंतर २०२२ पर्यंत ईडीच्या जाळ्यात आलेल्या १२१ बड्या राजकारण्यांपैकी ११५ विरोधी पक्षांचे. २०२४ साली पुन्हा मोजलं: चौकशी अंगावर असताना भाजपकडं गेलेले २५, त्यातल्या २३ जणांना दिलासा. संजय राऊतांना जामीन देताना विशेष न्यायालयानं त्यांची अटकच बेकायदा ठरवली. अनिल देशमुख तेरा महिन्यांहून जास्त आत राहून आले. ज्या कायद्यात जामीन मिळवायला आधी आपण निर्दोष असल्याचं जजला पटवावं लागतं, त्या कायद्यात खटल्याआधीच शिक्षा भोगून होते.

पण मी याला नुसता सूड म्हणायला तयार नाही. सूड घेणारा शेवटपर्यंत जातो. हे शेवटपर्यंत जात नाहीत. हे दावं बांधतात. माणूस आपल्या गोठ्यात आला की दावं सैल, दुसऱ्याच्या गोठ्याकडं बघितलं की ओढलं. म्हणून फाईल कधी मरत नाही अन् निकालही लागत नाही.

ज्यांच्याकडं बदलायला पक्ष नसतो त्यांचं काय होतं, तेही बघा. भीमा-कोरेगावच्या २०१८ च्या हल्ल्यात पहिल्या फिर्यादीत नाव असलेल्या संभाजी भिडेंना एकदाही अटक झाली नाही. एल्गार परिषदेचा तपास मात्र, राज्यातलं सरकार बदलल्यावर दोन महिन्यांत, जानेवारी २०२० मध्ये केंद्रानं एनआयएकडं ओढून नेला. आनंद तेलतुंबडे, आमच्याच वऱ्हाडातल्या यवतमाळ जिल्ह्यातला माणूस, बाबासाहेबांचा नातजावई, १४ एप्रिल २०२० ला आत गेला. भीमजयंतीच्या दिवशी. सुटला २६ नोव्हेंबर २०२२ ला, संविधान दिनी. सुधीर ढवळे साडेसहा वर्षं सडला. यांना कोणी शपथविधीला बोलावलं नाही.

आणि आपले गटबाज पुढारी? कुठल्यातरी साखरसम्राटावर धाड पडली की त्याच्यासाठी निळे झेंडे घेऊन रस्त्यावर. कायले? जिगावच्या बुडीत गावात ज्याच्या नावावर सातबारा नाही, त्याला जमिनीचा मोबदला नाही. तो बहुधा आपलाच असतो, गावकुसाबाहेरचा. त्याची मजुरी ज्या रानात होती ते रान पाण्यात जाणार. त्याच्यासाठी यातला एकही झेंडा नांदुऱ्याला आला नाही.

मला मुंबईच्या, नागपूरच्या पोरांना एवढंच सांगायचंय. ईडीच्या कचेरीसमोर कोणाच्याही बाजूनं बोंबलायला जाऊ नका. चौकशी उघडताना कारण सांगतात तसं बंद करताना का सांगत नाहीत, ते विचारा. माहिती अधिकारात अर्ज टाका. २५ नोव्हेंबर २०१९ ला बंद केलेल्या नऊ चौकश्यांत काय सापडलं, काय नाही, कोणाच्या सहीनं बंद झाल्या, ते कागद मिळवा अन् मराठीत छापून पूर्णाकाठच्या गावांत वाटा. वाचून दाखवायला आम्ही आहोत.