आधी सोडायला शिका!

नाशिककरांचं आणि शिडाच्या बोटीचं नातं ते काय? गंगापूर धरणावर एक चक्कर, गरम भजी आणि घर! त्यामुळे मुंबईतल्या मित्राने ‘माझ्या छोट्या बोटीवर ये, विंचची नवीन खेळणी ट्राय करू’ म्हटलं, तेव्हा मी शनिवारची पंचवटी पकडली. दुपारी आम्ही गेटवेसमोर, भर पाण्यात.

आता थोडं तांत्रिक, पण घाबरू नका. शीड ज्या दोराने ताणतात त्याला इंग्रजीत ‘शीट’ म्हणतात; आपले जुने खलाशी ‘दामण’ म्हणायचे. शिडात वारा भरला की तो नुसत्या हाताने ओढवत नाही. मग विंचच्या ड्रमवर त्याचे वेढे घ्यायचे, एका हाताने हँडल फिरवायचं, दुसऱ्याने सुटं टोक ओढायचं. आणि सुकाणू? त्याला तिसरा हात!

म्हणून ही खेळणी. एक, लॉकवालं हँडल. खटका दाबल्याशिवाय निघत नाही, म्हणजे समुद्रार्पण टळतं. दोन, ड्रमच्या माथ्यावर बसणारं रबरी कडं. वेढे वर सरकतात, शेवटचा वेढा कड्याखाली दाबला जातो आणि दोर धरलेला राहतो. एक हात मोकळा! मी लगेच वेफर्सचं पाकीट फोडलं.

तेवढ्यात वाऱ्याचा झोत आला. बोट कलली. ‘अगं, सोड!’ मित्र ओरडला. सोडते कशी? दोर सैल असतानाच मी हौसेने सगळे वेढे घालून ठेवले होते. ते एकमेकांवर चढून घट्ट अडकले. मित्राने बोटीचं नाक वाऱ्याकडे वळवलं, शीड फडफडलं, ताण गेला, तेव्हा कुठे दोर सुटला. माझी बोटं त्या वेढ्यांत नव्हती, हे नशीब.

दुसऱ्या खेपेला शहाणपणा केला. आधी दोनच वेढे, सैल दोर ओढून घ्यायचा, ताण आला की बाकीचे. आणि निघण्यापूर्वीच सोडण्याची प्रॅक्टिस. कमांडर दिलीप दोंदे यांनी 2009-10 मध्ये गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’तून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. तिथे ‘सोड’ म्हणून ओरडायलाही कुणी नव्हतं!

माझा निकाल? हँडल पास, कडंही पास. मी मात्र एटीकेटी.