चाकू कामाचा की कमरेचा?

कागलच्या पंचतारांकित औद्योगिक वसाहतीत दुसरी पाळी सुटली की कसबा सांगाव, तळंदगे, पट्टणकोडोली, हुपरीच्या रस्त्यांनी तरुण मुलांच्या मोटारसायकली घराकडे निघतात. त्यांत आपल्या बौद्ध वसाहतींतील मुले पुष्कळ आहेत. कोणी आयटीआय झालेला, कोणी बारावी, कोणी पदवीधर असूनही ठेकेदाराच्या हाताखाली लागलेला. या मुलांच्या कमरेला किंवा मोटारसायकलच्या डिकीत अलीकडे एक लहान चाकू दिसू लागला आहे. घडीचा नव्हे. पाते मुठीत पक्के बसवलेला, म्यानात राहणारा, वीतभर लांबीचा. कोणी तो मोबाईलवरून मागवतो, कोणी कारखान्यातच घासून तयार करतो. धुणे भिजवताना पँटमध्ये ही वस्तू सापडली की आई घाबरते. मुलगा म्हणतो, “आये, कामाला लागतो गं.” आईचा विश्वास बसत नाही, आणि विचारायचे कोणाला हेही तिला कळत नाही. अशा मातांसाठी आणि त्यांच्या मुलांसाठी आजचा हा लेख आहे.

प्रथम चाकूच्या बाजूने बोलू. मुलगा म्हणतो त्यात खोटे काहीच नाही, असेही असू शकते. कारखान्यात चाकूवाचून चालत नाही. पॅकिंगची पट्टी कापायची, गोणीची शिवण उसवायची, वायरचे वेष्टन सोलायचे, रबरी पाइप तोडायचा, सुताच्या बाचक्याची दोरी सोडवायची. दिवसातून पन्नास वेळा हात चाकूकडे जातो. पॉवर हॅकसॉचे पाते तुटले की जुना कामगार ते फेकत नाही. ग्राइंडरवर घासून त्याला धार काढतो, मुठीच्या जागी सुतळी नाहीतर इन्सुलेशन टेप गुंडाळतो, आणि तो चाकू वर्षानुवर्षे टिकतो. घडीच्या चाकूची खीळ ढिली झाली तर पाते बोटावर मिटते, म्हणून कामाला न मिटणारा चाकूच बरा असतो. आपले चर्मकार बांधव ज्या रापीने कातडे कापतात तीही अशीच मुठीत बसवलेल्या पात्याची. त्या रापीच्या जोरावर कोल्हापुरी चपलेचे नाव जगभर झाले आणि २०१९ साली तिला भौगोलिक मानांकन मिळाले. तेव्हा हत्यार वाईट नाही. हत्याराने पोट भरते.

पण आपल्या समाजाला सुरीची दुसरीही ओळख आहे आणि ती विसरता येत नाही. गावात ढोर मेले की ते ओढून न्यायचे काम महारांचे. ते फाडायचे, कातडे काढायचे, आणि पोट जाळायला त्याचेच मांस खायचे. ती सुरी कोणी हौसेने हाती घेतली नव्हती. जातीच्या हुकमाने ती दिली होती आणि वतनाच्या तुकड्याने हाताला बांधली होती. कागलच्या घाटगे घराण्यात जन्मलेल्या राजर्षी शाहू महाराजांनी १९१८ साली आपल्या संस्थानात महार वतन रद्द केले. पुढे २१ व २२ मार्च १९२० रोजी त्या वेळच्या कागल जहागिरीतील माणगावात परिषद भरली. बाबासाहेब अध्यक्ष होते. महाराजांनी स्वतः येऊन, तुम्हाला तुमचा पुढारी मिळाला आहे, अशा अर्थाचे उद्गार काढले. ते माणगाव याच हातकणंगले तालुक्यात आहे आणि आपली औद्योगिक वसाहतही कागल व हातकणंगले या दोन तालुक्यांत पसरली आहे. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी, मेलेली ढोरे ओढू नका, मृतमांस खाऊ नका, असे सांगितले. आपल्या आज्या-पणज्यांनी ते ऐकले. उपाशी राहिले, गावाचा बहिष्कार सोसला, पण ती सुरी खाली ठेवली. आज नातवाच्या हाती सुरी आली आहे तर, ती कोणाच्या हुकमाने आणि कशासाठी, हे विचारण्याचा हक्क त्या पूर्वजांना आहे.

आता धम्माकडे येऊ. काही उपासकांना वाटते की, बुद्धाची शिकवण अहिंसेची, तेव्हा चाकूला हातही लावू नये. विनयपिटक तसे सांगत नाही. भिक्षूच्या अष्टपरिष्कारांत तीन चीवरे, भिक्षापात्र, सुई, कमरपट्टा आणि पाणी गाळण्याचे फडके यांच्याबरोबर ‘वासि’ आहे. आपण तिला वस्तरा म्हणतो. दीघनिकायाच्या अट्ठकथेत या वासिचे उपयोग दिले आहेत. दातवण तोडणे, ऊस सोलणे, बाज-खाटेचे भाग आणि चीवराच्या झोपडीच्या काठ्या तासणे! ऊस सोलणाऱ्या भिक्षूचे चित्र कागलच्या माणसाला तरी परके वाटू नये.

चुल्लवग्गातील हकिकत याहून बोलकी आहे. भिक्षू कापड हाताने फाडून शिवत असत, त्यामुळे चीवर वेडेवाकडे होई. भगवंतांनी लहान चाकूला परवानगी दिली आणि त्याबरोबर नमद्याच्या म्यानालाही. पुढे मुठीच्या चाकूलाही दिली. मग काही भिक्षूंनी सोन्या-चांदीच्या मुठी करून मिरवायला सुरुवात केली. भगवंतांनी ते बंद केले. मूठ हाडाची, शिंगाची, बांबूची, लाकडाची, लाखेची असावी, सोन्या-चांदीची नको. म्हणजे चाकू असावा, तो म्यानात असावा, कामासाठी असावा आणि मिरवण्यासाठी नसावा. याच विनयात आणखी एक नियम आहे. धडधाकट माणूस हातात शस्त्र धरून उभा असेल तर भिक्षूने त्याला धम्म सांगू नये. हातात शस्त्र घेतलेल्याच्या कानात उपदेश शिरत नाही, हे त्या काळीही ठाऊक होते.

हे सारे विहारात सांगितले तेव्हा एका मुलाने सरळ विचारले, “दादा, रात्री शिफ्ट सुटती तवा रस्त्याला चिटपाखरू नसतं. दारुडी आडवी येत्यात. मोकळ्या हातानं यायचं काय?” प्रश्न खरा आहे, तो झटकून टाकता येणार नाही. याचे पहिले उत्तर महाडनेच दिले आहे. २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी घेतल्यानंतर परतणाऱ्या आपल्या लोकांवर हल्ले झाले, माणसे रक्तबंबाळ झाली. आपल्यात लष्करातून आलेले लोकही होते. बाबासाहेबांच्या एका शब्दाची वाट पाहत सगळे उभे होते. तो शब्द बाबासाहेबांनी दिला नाही. माणसांना आवरले, फिर्याद दिली, साक्षी उभ्या केल्या. हल्लेखोरांपैकी पाच जणांना चार महिन्यांची सक्तमजुरी झाली. तळ्याचा दावाही दहा वर्षे लढून १९३७ साली उच्च न्यायालयात जिंकला. त्या दिवशी हात सुटले असते तर आपलेच लोक आरोपी म्हणून नोंदले गेले असते.

दुसरे उत्तर कायद्याचे आहे, ते प्रत्येक घरात माहीत असावे. शस्त्र कायदा १९५९ खालील नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचे चाकू शस्त्रांत मोडतात. घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय व औद्योगिक कामासाठी बनवलेले त्यातून वगळले आहेत. हे ऐकून मुले म्हणतात, मग आमचा चार इंची सुटला! पण महाराष्ट्र पोलीस कायदा १९५१ च्या कलम ३७ प्रमाणे जिल्हाधिकारी बंदी आदेश काढतात. त्या कलमात चाकू आणि लाठी ही नावे आहेत, इंचांची मोजणी नाही. असा आदेश लागू असताना रस्त्यावर कमरेला चाकू सापडला तर ‘कामाला लागतो’ हे पटवून देता देता रात्र पोलीस ठाण्यात जाते.

त्याहून मोठा धोका भांडणाचा आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत हाताने केलेल्या साध्या दुखापतीला कलम ११५(२) प्रमाणे एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड आहे. तीच दुखापत चाकूने झाली तर कलम ११८(१) आणि तीन वर्षांपर्यंत कैद. जखम गंभीर ठरली तर ११८(२), म्हणजे कमीत कमी एक वर्ष, आणि दहा वर्षे किंवा जन्मठेपेपर्यंत. चहाच्या गाड्यावरची बाचाबाची तीच, पण कमरेला चाकू होता म्हणून आयुष्य बदलते. खिसा मोकळा असता तर दोन थपडांवर भागले असते.

मी कारकुनी पेशाचा माणूस. वसाहतीतल्या मुलांचे नोकरीचे अर्ज भरून देतो. सरकारी नोकरीच्या साक्षांकन नमुन्यात अटक झाली होती का, खटला चालू आहे का, असे रकाने असतात. त्या रकान्यापाशी पेन थांबले की मुलाचा चेहरा पाहवत नाही. राखीव जागेसाठी एका पिढीने लढा दिला, आईने शेतात खुरपणी करून फी भरली, आणि ते सारे चार इंचांच्या पोलादापायी अडून बसते. पुढाऱ्याच्या किंवा बागायतदाराच्या मुलासाठी वकील, वशिला, पैसा असतो. आपल्या मुलासाठी फक्त त्याचा स्वच्छ कागद असतो. तो त्याने जपला पाहिजे.

मग करायचे काय? कामाचा चाकू कामावर ठेवा. पाळी सुटली की तो म्यानात घालून हत्यारपेटीत किंवा लॉकरमध्ये ठेवा, घरी आणू नका. शेतावर नेत असाल तर विळ्या-खुरप्याबरोबर पिशवीत न्या, कमरेला नको. पाते बोथट ठेवू नका; बोथट चाकूला जोर लावावा लागतो आणि तोच घसरून हातात घुसतो. कापताना धार अंगापासून दूर जाऊ द्या. दुसऱ्याला देताना मूठ पुढे करा. लागलेच तर जखम वाहत्या पाण्याने धुऊन दवाखान्यात जा आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनचे विचारा; हळद दाबून पाळी पुरी करू नका.

रस्त्याची भीती एकट्याने चाकू बाळगून जात नाही, ती संघटनेने जाते. एका गावची मुले एकत्र निघा. जिथे दिवे नाहीत त्या रस्त्यांची यादी करून एमआयडीसीच्या कार्यालयाला आणि ग्रामपंचायतीला सह्यांचे निवेदन द्या, पोच घ्या, उत्तर आले नाही तर पुन्हा द्या. रात्रपाळीला बस मिळावी ही मागणी ठेकेदाराकडे नव्हे, कंपनीकडे करा. आपल्या भगिनींनी ११२ क्रमांक पाठ ठेवावा. दहा किंवा अधिक माणसे कामाला असतील तिथे २०१३ च्या कायद्याने अंतर्गत तक्रार समिती बंधनकारक आहे. तिच्या सदस्यांची नावे फलकावर आहेत का ते पाहावे. जातीवरून कोणी अडवले, मारले तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. फिर्याद त्याच दिवशी द्या आणि प्रत घ्या.

मातांनीही मुलाच्या खिशात चाकू सापडला म्हणून लगेच रडारड करू नये. जवळ बसवून विचारावे, बाळा, याने तू आज काय कापलेस? दोरी, पट्टी, वायर असे उत्तर आले तर त्या हातांचा अभिमान बाळगा आणि उद्यापासून तो कामावर ठेवायला सांगा. उत्तर आले नाही, मुलगा मान खाली घालून बसला, तर त्याच्या मित्रांची, त्याच्या भीतीची, त्याच्या रागाची चौकशी करा. आणि येत्या पौर्णिमेला त्याला विहारात घेऊन या. तिथे त्याचे ऐकून घेणारे चार लोक आहेत.

जयभीम.