बागेंतील मॉली आणि शेवटची मॉली

एडमंड गोल्डिंग यांनीं १९४७ सालीं दिग्दर्शित केलेल्या ‘नाइटमेअर अ‍ॅली’ या अमेरिकन बोलपटाचा शेवट दयाळू आहे, असें त्याचे चाहते सांगतात. आमच्या मतें तो शेवट ही निव्वळ फसवणूक आहे. आणि ज्या चित्राचा विषयच फसवणूक, त्यांत ती व्हावी हें अधिकच वाईट.

कथानायक स्टॅन्टन कार्लाइल हा एका फिरत्या जत्रेंत मनकवडेपणाचें सोंग शिकतो आणि त्या बळावर शिकागोच्या श्रीमंतांत शिरतो. लिलिथ नांवाची मानसशास्त्रज्ञ बाई आपल्या रुग्णांचीं गुपितें चोरून ध्वनिमुद्रित करते. तीं त्याच्या कामीं येतात. एझ्रा ग्रिंडल या वृद्ध धनिकाला आपली मृत प्रेयसी एकदां पाहावयाची असते. कार्लाइल स्वतःच्या पत्नीला, मॉलीला, तिचा वेष देऊन रात्रीं बागेंत उभी करतो. म्हातारा गुडघे टेकून प्रार्थना करूं लागतो, आणि मॉलीच्यानें पुढचें सोंग वठवत नाहीं. या एका प्रसंगासाठीं आम्ही या चित्रास पुष्कळ कांहीं माफ करूं. येथें फसणारा मूर्ख नाहीं. तो दुःखी आहे, आणि त्या दुःखाचा भाव करणारा त्याला भेटला आहे.

विल्यम लिंडसे ग्रेशॅम यांच्या १९४६ च्या मूळ कादंबरींत दारूनें खंगलेल्या नायकापुढें ‘गीक’ची जागा ठेवली जाते. बाटलीच्या आशेनें जिवंत कोंबड्यांचीं मुंडकीं दांतांनीं तोडावयाचीं, हें त्या गीकचें काम. पुस्तक तेथेंच मिटतें. चित्रांतला कार्लाइलही ती जागा पत्करतो, आणि टायरोन पॉवर यांचा चेहरा त्या वेळीं पाहवत नाहीं. पण मग मॉली येते, त्याला हांक मारते, आणि प्रेक्षक सुटकेचा निःश्वास टाकून घरीं जातो. समोरच्याला काय हवें तें हेरून तेंच त्याच्यापुढें उभें करावयाचें, याहून ग्रिंडलच्या बागेंत निराळें काय घडलें होतें? तेथेंही उभी केलेली मॉलीच होती!

कोणी म्हणेल, गर्तेंतल्या माणसाला एक दोर तरी नको काय? अवश्य हवा. पण येथें दोर टाकला आहे तो प्रेक्षकासाठीं, आणि वर जातां जातां बघ्यांच्या तोंडीं एक बोधवचनही घातलें आहे.

२०२१ मध्यें गिलेर्मो देल तोरो यांनीं हेंच कथानक पुन्हां पडद्यावर आणलें. तें चित्र लांबट आहे, आणि पॉवर यांची सर त्यांतील नायकास नाहीं. पण त्यांत शेवटीं मॉली येत नाहीं.