नांगर उचला, समुद्र बंद करू नका!

कुडाळकरांनो,

मालवणचं सागरी अभयारण्य ही मालवणकरांची भानगड, असं म्हणून आपल्याला हात झटकता येणार नाहीत. पर्यटक उतरतो कुडाळ स्टेशनात. रिक्षा आपली, लॉज आपला, स्कुबाचं बुकिंग घेणारा एजंटही पुष्कळदा आपलाच. शिवाय भंगसाळीत आपण जे सोडतो, ते कर्लीतून देवबागला समुद्रातच जातं.

अभयारण्य जाहीर झालं 13 एप्रिल 1987 रोजी. क्षेत्र 29.12 चौरस किलोमीटर, त्यात गाभा जेमतेम 3.18. सिंधुदुर्ग किल्ला, पद्मगड आणि आसपासचे बुडीत खडक याच गाभ्यातले. डुबकी मारायला गर्दी होते तीही इथेच!

प्रवाळ हा दगड नव्हे, जिवंत प्राणी आहे. वन्यजीव कायद्यात तो वाघाच्याच पंगतीला, पहिल्या अनुसूचीत बसतो. त्याच्यावर लोखंडी नांगर पडतो, बोट लाटेवर हलली की नांगर खरवडत जातो आणि वर्षाला सेंटिमीटरभर वाढणारा प्रवाळ क्षणात फुटतो. वर फोटोत मासे यावेत म्हणून पाण्यात पावाचा चुरा. खडकावरचं शेवाळ खाणाऱ्या माशाला पावाची चटक लावायची, हा कसला पाहुणचार?

'पर्यटनच बंद करा' म्हणणाऱ्यांनी रापण रिकामी आलेल्या घरात एक दिवस काढावा. 'अभयारण्यच रद्द करा' म्हणणाऱ्यांचा राग मात्र समजतो. मच्छीमारांना विश्वासात न घेता हद्दी आखल्या, ही त्यांची जुनी तक्रार आहे. रापणकराला नियम दाखवायचे आणि पर्यटकांच्या बोटी मोजायच्याही नाहीत, हे कोण सहन करील? पण प्रवाळ गेले, तर मासळीही जाईल आणि पर्यटकही. 'समुद्र खंय जातलो?' असं विचारणाऱ्यांना एवढंच सांगतो, समुद्र राहील, गिऱ्हाईक राहणार नाही.

म्हणून आमची मागणी सरळ आहे. डुबकीच्या प्रत्येक जागी कायमचे बोये बांधा, बोटी त्यांनाच बांधल्या जातील आणि गाभ्यात नांगर टाकण्यास सक्त मनाई राहील. बोये जितके, तितक्याच बोटी एका वेळी आत. बाकीच्यांनी पाळी धरावी. पाव टाकणाऱ्याचा परवाना जावा. प्रवेशशुल्क घ्या, पण त्याचा हिशेब किनाऱ्यावरच्या ग्रामसभांपुढे ठेवा, आणि राखणदारीचा रोजगार आधी रापणकरांच्या पोरांना द्या. वनखातं आणि सागरी मंडळ यांनी एकमेकांकडे बोट दाखवणं थांबवावं.

सरकार हलेल तेव्हा हलेल. एजंटांनो, रिक्षावाल्यांनो, तुम्ही आजच बोटवाल्याला विचारा: नांगर कुठे टाकतोस? प्रवाळावर म्हणाला, तर गिऱ्हाईक दुसऱ्याकडे न्या.