आधी नवख्याला वाचायला द्या!

गेल्या महिन्यात धरणगावला घरी गेलो होतो. आतेभाऊ लॅपटॉप घेऊन हजर. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे, पायथॉन शिकतोय. कापसाच्या भावांची एक सीएसव्ही फाइल त्याला नीट लावायची होती. मी मोठ्या तोऱ्यात माझीच एक छोटी लायब्ररी दिली. म्हटलं, "डॉक्युमेंटेशन वाच, सगळं आहे त्यात."

दोन तासांनी तोंड पाडून आला. "दादा, हाई मन्हं काम नई शे."

गाडी पहिल्याच ओळीवर अडली होती : 'व्हर्च्युअल एन्व्हायरन्मेंट सुरू करून पॅकेज इन्स्टॉल करा.' म्हणजे काय, ते कुठे टाइप करायचं, जमलं तर स्क्रीनवर काय दिसेल... काहीच लिहिलेलं नाही. पुढे थेट ४० फंक्शन्सची यादी! चूक माझी, आणि पोरगा स्वतःला ढ समजून बसला.

यादी लागतेच हो, पण ज्याला लायब्ररी येते त्याला. शब्दकोश पाठ करून कुणी भाषा शिकतं का? पांडाजचं डॉक्युमेंटेशन बघा. तक्ता कसा वाचायचा, त्यातल्या हव्या त्या ओळी कशा निवडायच्या, असे साधे प्रश्न घेऊन आकृत्यांसह सुरुवात होते. फंक्शन्सची यादी वेगळ्या भागात.

आयआयटी मुंबईचा 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्प तर आणखी पुढे जातो. साधारण १० मिनिटांचे धडे, स्क्रीन इंग्रजीत, आवाज मराठीतही. पण मला आवडते ती वेगळीच गोष्ट. रेकॉर्डिंगच्या आधी धड्याची संहिता एखाद्या नवख्याला करून बघायला देतात. तो जिथे अडतो, तिथे संहिता सुधारायची.

काही मित्र म्हणतात, "शिकणारा शिकतोच. आपण नाही का शिकलो?" शिकलो ना! पण हॉस्टेलवर शेजारच्या खोलीत सिनियर होता. रात्री दोनला दार वाजवता यायचं. ज्याच्या शेजारी असं दारच नाही, त्याच्यासाठी पहिलं पान हाच सिनियर.

असो. त्या संध्याकाळी भावाला मोठ्याने वाचायला लावलं आणि मी गप्प बसलो (फार अवघड जातं!). तो ११ ठिकाणी अडला. आता पहिल्या पानावर एक नमुना फाइल, ३ ओळींचा कोड आणि त्याचं आउटपुट, बस्स.

काल त्याचा मेसेज आला, "चालनं दादा!" सोबत माझ्या नव्या पानातली एक चूकही दाखवलीये.