बोलण्याची पहिली शाळा : अंगण

शाळेच्या मेळाव्यांत आज आई-बाप झालेले माजी विद्यार्थी हमखास विचारतात, “लेकरू दोन वर्षांचे होत आले, अजून फार बोलत नाही. कोणते खेळणे घ्यावे?” आमचे उत्तर साधे आहे. खेळणे राहू द्यावे. लेकराला अंगणात न्यावे आणि त्याच्याशी बोलावे.

भाषा शब्दांच्या यादीने येत नाही. मूल बोट दाखवते, मोठे माणूस तिकडे पाहते आणि त्या वस्तूला नाव देते. या देवाणघेवाणीतून शब्द रुजतो. पान, मुंगी, चिखल हाताला लागले की नावाला अनुभवाचा आधार मिळतो. पाण्यात खडा पडला की ‘डुबुक’, वाऱ्याने पाने हलली की ‘सळसळ’; असे नादशब्द मराठीत विपुल आहेत. पुढे ‘पान पडलं’, ‘मुंगी गेली’ अशी छोटी वाक्ये जुळतात.

हा विचार महाराष्ट्राला नवा नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले आणि अनुताई वाघ यांच्या साथीने ते कार्य पुढे कोसबाडला नेले. पाने, बिया, खडे, शिंपले हीच तेथील शैक्षणिक साधने होती. मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात गेली. गुरे राखणाऱ्यांसाठी कुरणशाळा निघाली.

“मातीतून मोठ्या कष्टाने बाहेर पडलो, लेकराला पुन्हा मातीत का घालावे?” असे काही पालक म्हणतात. हा प्रश्न आम्ही हलका मानीत नाही. आपल्या आजी-आजोबांच्या वाट्याला माती आली ती राबण्यासाठी, तीही दुसऱ्याच्या मालकीची. खेळण्याची माती त्यांना लाभली नाही. ती नातवंडांना देणे म्हणजे मागे जाणे नव्हे. उलट त्यांच्या हाती मोबाईल देऊन गप्प बसविणे हेच आम्हास घातक वाटते. दोन वर्षांखालील मुलांना पडद्यासमोर बसवू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ साली सुचविले आहे.

मात्र खेळ हा उपचार नव्हे. मूल हाकेला वळत नसेल, दीड वर्षाचे होऊनही एकही शब्द बोलत नसेल, तर श्रवणतपासणी करून डॉक्टरांचा सल्ला विनाविलंब घ्यावा.

मूल आमच्या वसतिगृहात येते तेव्हा त्याच्या भाषेचा पाया घरी घातला गेलेला असतो. म्हणून पालकांस विनंती : रोज अर्धा तास द्यावा. अंगण नसेल तर गच्चीवरची कुंडी किंवा जवळची बाग पुरे. आणि बोलावे ते आपल्या घरच्या बोलीत, निःसंकोच.