गाडी खाली बसवायची, पण कशी?

यंत्रांच्या दुनियेत



नववीतल्या एका वाचकाचं पत्र आलंय. अक्षर घाईघाईचं, आणि शेवटच्या ओळीखाली दोन रेघा. तो लिहितो, ‘आमच्या दादाने जुनी गाडी घेतली आहे. अमेरिकेतल्या मसल कारसारखी ती रस्त्याला टेकल्यासारखी दिसावी, म्हणून सुट्टीत तो पुढच्या स्प्रिंगा कापणार आहे. गाडी खाली बसली की वळणावर जास्त जोरात पळते, असं तो म्हणतो. हे खरं आहे का? आणि आईला सांगू का?’

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यात शेवटी देतो. पहिल्याचं उत्तर असं, की दादाचं म्हणणं निम्मं बरोबर आहे. राहिलेलं निम्मं समजून घ्यायला आपल्याला साठ वर्षं मागे, थेट अमेरिकेत जायला हवं.

१७ एप्रिल १९६४. न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात फोर्ड कंपनीने ‘मस्टँग’ नावाची गाडी लोकांसमोर आणली. लांब नाक, आखूड शेपूट, ऐटबाज रूप! पहिल्याच दिवशी बावीस हजारांच्या घरात मागण्या आल्या म्हणतात. (जाणकार मंडळी हिला मसल कारऐवजी ‘पोनी कार’, म्हणजे तट्टू-गाडी म्हणतात. पण मोठं इंजिन बसवलेली मस्टँग मसल कारच्या पंगतीत बसते, बरं का!) दिसायला ती शर्यतीची वाटे, पण आतला सांगाडा होता ‘फाल्कन’ या फोर्डच्याच साध्या घरगुती गाडीवरून घेतलेला. वळणावर ती चांगलीच कलायची.

आता गोष्टीत येतात कॅरोल शेल्बी. टेक्सासचा हा माणूस आधी कोंबड्या पाळायचा. कोंबड्या रोगाने मेल्या, धंदा बुडाला. मग शेल्बी शर्यतींत उतरले आणि १९५९ साली फ्रान्समधली ‘ल मां’ची २४ तासांची शर्यत जोडीदारासह जिंकले! पुढे हृदयाच्या दुखण्यामुळे गाडी चालवणं सोडावं लागलं, तेव्हा ते गाड्या तयार करायला लागले. फोर्डने त्यांना सांगितलं, ‘आमच्या मस्टँगला शर्यतीची गाडी करून द्या.’ त्या वर्गात उतरायचं तर तशा निदान १०० गाड्या बनवलेल्या असाव्यात, असा नियम होता. म्हणजे एकच गाडी घासूनपुसून चालणार नव्हतं. सोपा, स्वस्त आणि शंभरदा करता येईल असा उपाय हवा होता.

तो उपाय सांगण्याआधी थोडं गणित करू. घाबरू नका, सातवीचंच आहे!

गाडी वळते तेव्हा तुम्ही बाहेरच्या बाजूला रेलता ना? गाडीचंही तसंच होतं. आतल्या चाकांवरचा काही भार बाहेरच्या चाकांवर जातो. किती जातो, हे गुरुत्वमध्याच्या उंचीवर अवलंबून असतं. समजा, गाडी १४०० किलोची आहे, तिचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ५० सेंटिमीटरवर आहे आणि डाव्या-उजव्या चाकांमध्ये १४० सेंटिमीटर अंतर आहे. वळणावर बाहेर ढकलणारा जोर गाडीच्या वजनाच्या ०.७ पट धरू.

१४०० × ०.७ × ५० ÷ १४० = ३५० किलो.

आता गाडी एक इंच, म्हणजे अडीच सेंटिमीटर खाली बसवा. ५० च्या जागी ४७.५ घाला. उत्तर येतं साधारण ३३२ किलो. फायदा झाला, पण किती? जेमतेम १८ किलोंचा, म्हणजे विसावा हिस्सा! नुसतं खाली बसवून गाडीची शर्यतीची गाडी होत नाही, ती अशी.

मग खरी गंमत कुठे आहे? ती आहे चाकाच्या उभं राहण्यात.

मस्टँगचं पुढचं प्रत्येक चाक दोन लोखंडी बाहूंनी धरलेलं असतं, एक वरचा आणि एक खालचा. बाहूचं आतलं टोक गाडीच्या सांगाड्याला बोल्टांनी जोडलेलं, बाहेरचं टोक चाकाकडे. स्प्रिंग वरच्या बाहूवर बसते. चाक खालीवर होतं तेव्हा हे बाहू दाराच्या बिजागरीसारखे आतल्या टोकाभोवती फिरतात.

आता उठा आणि भिंतीच्या शेजारी उभे राहा. हात बाजूला, खांद्याच्या रेषेत आडवा धरा. बोटं भिंतीला जेमतेम टेकतील इतकंच अंतर ठेवा. हात थोडा खाली घ्या. बोटं भिंतीपासून सुटली! आता हळूहळू वर आणा. बोटं भिंतीकडे सरकतात, आडव्या रेषेत टेकतात आणि त्याहून वर नेलीत की पुन्हा आत येतात. पाहिलंत? खाली झुकलेला हात वर येताना आधी बाहेर जातो.

मस्टँगच्या वरच्या बाहूचं नेमकं हेच होत होतं. तो बाहेरच्या बाजूला उतरता बसवलेला होता. वळणावर गाडी कलली की बाहेरचं चाक वर दाबलं जायचं आणि बाहू चाकाचा माथा बाहेर ढकलायचा. गाडीही त्याच बाजूला कललेली, चाकही त्याच बाजूला! मग टायर रस्त्यावर सपाट न राहता बाहेरच्या कडेवर उभा राहायचा. एका बाजूने झिजलेली चप्पल घालून जोरात वळून पाहा, म्हणजे पाय का घसरतो ते कळेल.

यावर काढलेला उपाय ऐकाल तर थक्क व्हाल. सांगाड्यावर जुन्या भोकांच्या एक इंच खाली नवी भोकं पाडायची! एका बाजूला दोन, दोन्ही बाजूंना मिळून चार. वरच्या बाहूचं आतलं टोक तिथे जोडायचं. झालं! आतलं टोक खाली आल्यामुळे बाहूचा उतार कमी झाला. आता चाक वर दाबलं गेलं की बाहू माथ्याला बाहेर ढकलण्याऐवजी आत ओढू लागतो. गाडी बाहेर कलते, चाक आत कलतं आणि टायर रस्त्यावर बराचसा सपाट राहतो. स्प्रिंग या बाहूवरच बसलेली असल्याने गाडीही अर्ध्या इंचाहून थोडी जास्त खाली येते. म्हणजे खाली बसणं हा वरकड फायदा, मुख्य काम चाक उभं ठेवण्याचं.

या कल्पनेचं श्रेय फोर्डमधले अभियंता क्लाउस आर्निंग यांना दिलं जातं. पण गाडीप्रेमींच्या तोंडी ती आजही ‘शेल्बी ड्रॉप’ म्हणूनच आहे. डोकं एकाचं, नाव दुसऱ्याचं, असं यंत्रांच्या दुनियेतही होतं!

शेल्बींच्या गाडीचं नाव होतं ‘जीटी ३५०’. पांढरा रंग, निळे पट्टे, ३०६ अश्वशक्तीचं इंजिन. भोकांच्या जोडीला चांगले शॉकअप आणि गाडीचं कलणं आवरणारा जाड दांडाही बसवला होता. फेब्रुवारी १९६५ मध्ये टेक्सासमधल्या ग्रीन व्हॅलीच्या शर्यतीत केन माइल्स यांनी ती पहिल्यांदा पळवली आणि जिंकली. १९६५, १९६६ आणि १९६७ अशी सलग तीन वर्षं अमेरिकेतलं आपल्या वर्गाचं अजिंक्यपद या गाडीने मिळवलं. मात्र रस्त्यावर विकायच्या १९६६ च्या बहुतेक गाड्यांत खर्च वाचवायला ही चार भोकं गाळली गेली. बाहेरून बघणाऱ्याला फरक दिसतच नव्हता ना!

आता दादाच्या करवतीकडे वळू. स्प्रिंग कापली तर काय होतं? बॉलपेनमधली छोटी स्प्रिंग काढा. टेबलावर उभी धरून दाबा. मग तिची खालची निम्मी वेटोळी चिमटीत घट्ट धरा आणि उरलेलीच दाबा. कडक लागते ना? आणि लवकर संपते! गाडीच्या स्प्रिंगला आठ वेटोळी असतील आणि एक कापलं, तर ती आठ सप्तमांश पट, म्हणजे सुमारे १४ टक्के कडक होते. वर चाकाला उसळी घ्यायला जागाही कमी उरते. मग खड्ड्यात ‘धाड’ आवाज येतो. तो असतो सस्पेन्शन शेवटच्या रबरी ठोकळ्यावर आदळल्याचा. त्या क्षणी चाक उसळतं, आणि ज्या चाकाचा रस्त्याशी संबंध सुटला ते ना वळत, ना ब्रेक मानत. शिवाय टायर मडगार्डला आतून घासतो. फार आखूड कापलेली स्प्रिंग चाक लोंबकळताच बैठकीतून निसटूही शकते. काहीजण स्प्रिंग ज्योतीने तापवून खाली बसवतात. ते तर त्याहून वाईट, कारण तापवल्याने पोलादाचा ताठपणाच जातो.

आणि आपल्याकडचे गतिरोधक विसरू नका. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मापाप्रमाणे गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद, म्हणजे हळूहळू चढणारा हवा. आपल्या गल्लीतला मोजून पाहा आणि कळवा!

मग गाडी खाली बसवूच नये का? अमेरिकेत जुन्या मस्टँगवाले आजही बसवतात. पण त्यासाठी मुद्दाम बनवलेल्या आखूड स्प्रिंगा आणि त्यांना जुळणारे शॉकअप घालतात. मागे पाट्यांच्या स्प्रिंगा असतात, त्याही तेवढ्याच खाली घेतात. काम झालं की चाकांची अलाइनमेंट तपासून घेतात. आपल्याकडे आणखी एक पायरी आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ने गाडीच्या मूळ रचनेत बदल करण्यावर बंधनं घातली आहेत. त्यामुळे आधी आरटीओत विचारायचं.

आता राहिला तुझा दुसरा प्रश्न. आईला सांगू का? दोस्ता, आधी दादाला हा अंक वाचायला दे. भिंतीचा प्रयोग त्याच्याकडून करून घे, पेनची स्प्रिंग त्याच्या हातात दे. ज्याला गाडी इतकी आवडते, त्याला हे नक्की आवडेल. एवढं करूनही त्याने करवत उचलली, तर मात्र आईला सांग. ती चहाडी होत नाही. त्या गाडीत मागच्या सीटवर तूही बसणार आहेस, आणि रस्त्यावर समोरून कुणाची तरी आईही येणार आहे.

जाता जाता सगळ्यांसाठी कोडं. वरच्या गणितात गाडी खाली न बसवता चाकांमधलं अंतर १४० ऐवजी १५० सेंटिमीटर केलं, तर किती किलो भार सरकेल? एक इंच खाली बसवण्यापेक्षा फायदा जास्त की कमी? गणित मांडून पाठवा. उत्तर पुढच्या अंकात.

तुमचा,
यंत्रकाका